टेकवायचं होतं, मी बांधून ठेवलं

सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या अगदी सपाट पाटावर, ठेवलेलं ते प्लास्टिकचं झाकण डुगडुगत होतं. एका कोपऱ्यावर बोट दाबलं की समोरचा कोपरा वर यायचा, बोट काढलं की टक् आवाज करून पुन्हा खाली बसायचा. शाळेतल्या लंगड्या बाकासारखं. क्वालिटीतल्या सहकाऱ्याने मला हे दोन-तीनदा करून दाखवलं आणि तोंडाने काहीच बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती. त्याच्या सीएमएमच्या (निर्देशांक मोजणाऱ्या यंत्राच्या) कागदावर चौथा कोपरा १.९ मिमी वर उचललेला होता. झाकण मोल्डमधून निघून थंड होताना किती वाकेल (याला वॉर्पेज म्हणतात), हे मी आधीच संगणकावर सोडवलं होतं. त्या सिम्युलेशनच्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, जास्तीत जास्त विरूपण ०.३५ मिमी, तेही मधोमध. कोपरे अगदी शून्य.

कोपरे शून्य का, हे मला त्या क्षणी कळलं आणि कान गरम झाले. कोपरे शून्य होते कारण ते मीच शून्य केले होते.

भाग तसा साधा. २२० बाय १४० मिमीचं आयताकृती झाकण, भिंत २.५ मिमी, कडेला १५ मिमी उंचीची किनार, आतून कर्णरेषेत जाणाऱ्या रिब (आधाराच्या पट्ट्या), चार कोपऱ्यांत चार स्क्रू बॉस (स्क्रूसाठीचे जाड भोकदार खुंट). बॉसची केंद्रं २०० बाय १२० वर. मटेरियल ३० टक्के ग्लास फायबर असलेलं पीबीटी नावाचं प्लास्टिक. गेट, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक मोल्डमध्ये शिरायची वाट, एकच, आखूड बाजूला, पण मधोमध नाही. मोल्डमधल्या स्लायडरला (सरकत्या तुकड्याला) जागा द्यायची म्हणून एका बाजूला सरकवलेलं. हे सरकवलेलं गेट पुढे मला चांगलंच भोवलं.

पहिल्यांदा मॉडेल लावताना मी विचार केला तो असा: झाकण शेवटी चार स्क्रूंनी बसणार आहे, मग चार बॉसच्या भोकांतले नोड (मॉडेलच्या जाळीतले, म्हणजे मेशचे, बिंदू) तिन्ही दिशांना फिक्स करून टाकू. वाचायला अगदी शहाणपणाचं वाटतं. लोड टाकून ताण बघायचा असता, म्हणजे झाकण बसवल्यावर वरून कुणी दाबलं तर काय होईल असा प्रश्न असता, तर ते जवळपास बरोबरही ठरलं असतं. त्या कामाची सवय होती, हात आपोआप तिकडे गेला. पण वॉर्पेजमध्ये बाहेरून कुणी दाबत नाही. भाग मोल्डमधून बाहेर पडतो, थंड होतो, आक्रसतो, आणि सगळीकडे सारखा आक्रसत नाही म्हणून वाकतो. त्या वेळी स्क्रू कुठे असतात? पेटीत.

आणि मी त्याला आक्रसूच दिलं नव्हतं. हिशेब मांडून पाहिला तेव्हा हसू आलं. या जातीचं पीबीटी प्रवाहाच्या दिशेने साधारण ०.३ टक्के आक्रसतं, आडव्या दिशेने त्याच्या तिप्पट, ०.९ टक्क्यांच्या आसपास. २०० मिमीच्या अंतरात ०.३ टक्के म्हणजे ०.६ मिमी. दोन्ही टोकं खिळून ठेवली, तर तेवढं आक्रसणं ताण होऊन आत साठतं. लवचिकता गुणांक ढोबळ ९,००० एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी) धरला तर २७ एमपीए. झाकणाचा आडवा छेद १४० गुणिले २.५, म्हणजे ३५० चौरस मिमी. संपूर्ण रुंदी धरून ठेवली तर ओढ साडेनऊ हजार न्यूटनच्या घरात जाते, जवळजवळ एक टन. फक्त चार बॉस धरल्यावर आकडा त्यापेक्षा कमी येणार, तरी सॉल्व्हरच्या, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, फाइलमध्ये प्रत्येक बॉसवर चार हजार न्यूटनच्या वर रिॲक्शन फोर्स (टेकूने दिलेली उलट ओढ) छापलेला होता. तो छापलेला होता आणि मी पाहिला नव्हता. पावणेदोनशे ग्रॅमचं प्लास्टिकचं झाकण, नुसतं टेबलावर थंड होत असताना, कुणी न धरता, चार टेकूंवर टनाच्या हिशेबात ओढ लावतंय!

मग मी उलट टोकाला गेले. सगळे कन्स्ट्रेंट, म्हणजे नोड फिक्स करायच्या अटी, काढून टाकले. मोकळा भाग हवा ना, घ्या मोकळा.

सॉल्व्हरने दीड मिनिटात हात टेकले. स्टिफनेस मॅट्रिक्स सिंग्युलर, पिव्हट शून्य, म्हणजे समीकरणांना एकच ठाम उत्तर नाही. याचं कारण पुस्तकात वाचलेलं असतं, पण स्वतःच्या स्क्रीनवर लाल अक्षरांत आल्याशिवाय पचत नाही. अवकाशात मोकळा सोडलेला भाग तीन दिशांना सरकू शकतो आणि तीन अक्षांभोवती फिरू शकतो. या सहा हालचालींत भागाच्या आत काहीच ताणलं जात नाही, म्हणून त्यांना विरोध करणारं काहीच नसतं. आतल्या ताणांनी भाग कसा वाकेल हे गणिताला ठाऊक आहे, पण वाकलेला भाग खोलीत कुठे आणि कुठल्या तोंडाने ठेवायचा हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. सहा गोष्टी सांगायच्या. पाच सांगितल्या तर गणित अडतं. सात सांगितल्या तर अडत नाही, आणि घोळ नेमका तिथेच आहे. कमी कन्स्ट्रेंट दिले की सॉफ्टवेअर आरडाओरडा करतं. जास्त दिले की गुपचूप सुंदर रंगीत उत्तर देतं.

माझ्या चार बॉसच्या वेळी, प्रत्येक बॉसवर एकच नोड धरला तरी बारा अटी झाल्या होत्या. मी तर भोकाच्या आतले सगळे नोड निवडले होते. शेकड्यांत गेलं असणार.

दुसरा प्रयत्न: एकच नोड, तिन्ही दिशांना फिक्स. पुन्हा अडलं, किंवा नीट सांगायचं तर अडलंही नाही. या वेळी राउंडिंगच्या चुकीमुळे सॉल्व्हर कसाबसा पार पडला आणि उत्तर आलं की झाकणाचं टोक काही किलोमीटर लांब गेलं आहे. यात सॉलिड मेशचा भाग होता. टेट्राहेड्रल (चार त्रिकोणी तोंडांच्या घन तुकड्यांच्या) मेशच्या नोडला फक्त सरकणं कळतं, फिरणं कळत नाही. एक नोड धरला तर तीनच हालचाली थांबल्या, भाग त्या टोकाभोवती हवा तसा गरगरायला मोकळा. शेल, म्हणजे पातळ पृष्ठाची, मेश असती तर नोडला सहाही कळतात, आणि तिथे एकच नोड पूर्ण फिक्स केला तरी काम भागतं, तेही भागाला कुठे न ओढता. दोन्ही प्रकारच्या मेशवर काम करणाऱ्यांनी एका मेशची सवय दुसरीला लावू नये. माझ्या आधीच्या कामाच्या बहुतेक फाइल शेलच्या होत्या, म्हणून हा फटका बसला.

आता ३-२-१. एका नोडला तीन दिशा, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. बेरीज सहा. कल्पना फार जुनी आहे. लॉर्ड केल्विनच्या नावाने ओळखली जाणारी मोजमापाच्या उपकरणांची बैठक याच तत्त्वावर असते: एक पाय तीन पैलूंच्या खळग्यात, दुसरा व्ही आकाराच्या खाचेत, तिसरा सपाट पृष्ठावर. उपकरण तापून फुगलं किंवा गार होऊन आक्रसलं तरी दुसरा पाय खाचेतून सरकतो, तिसरा सपाटीवर सरकतो, आणि सांगाड्यात ताण येत नाही. उपकरण उचलून पुन्हा ठेवलं की नेमकं त्याच जागी बसतं. वॉर्पेजला हवं ते हेच: भाग कुठे आहे ते ठरावं, पण त्याला आक्रसायला कुणी अडवू नये. बांधायचं नाही, टेकवायचं.

इतकं समजूनही मी तिसऱ्यांदा चुकलेच. एक्स लांबीची दिशा, वाय रुंदीची, झेड उंचीची. पहिला नोड ए, तिन्ही दिशा बंद. दुसरा नोड बी मी आखूड कडेवरचा निवडला, म्हणजे ए पासून वाय दिशेला, आणि त्याच्या वाय आणि झेड बंद केल्या. तिसऱ्या नोडची झेड धरून मोजून पाहिलं, सहा झाल्या. तरी सिंग्युलर. अर्धा तास मेशवर संशय घेतला, एकमेकांत घुसलेले एलिमेंट शोधले, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू केलं. चूक भूमितीत होती. बी हा ए च्या वाय दिशेला असेल, तर भाग झेड अक्षाभोवती किंचित फिरताना बी सरकतो एक्स दिशेने. आणि एक्स तर मी मोकळी ठेवली होती. वाय बंद करून त्या फिरण्याला काहीच अडलं नाही. केल्विनच्या बैठकीत व्ही खाचेचं तोंड खळग्याकडे असतं ते याचसाठी, पाय खळग्याच्या दिशेने मागेपुढे सरकावा, बाजूला नाही. म्हणजे बी एक्स दिशेला असेल तर त्याची एक्स मोकळी सोडायची आणि वाय, झेड बंद करायच्या. वाय दिशेला असेल तर वाय मोकळी. नुसती सहाची बेरीज पुरत नाही, सहाही अटी एकमेकींपासून वेगळ्या असाव्या लागतात. तसंच तिसरा नोड सी पहिल्या दोघांच्या रेषेत आला, तर भाग त्या रेषेभोवती बिजागरीसारखा लटकतो.

रेषेत आला नाही पण फार जवळ आला, तर आणखी वाईट, कारण तेव्हा एरर येत नाही. एका प्रयोगात मी आळस करून तिन्ही नोड एकाच बॉसच्या तोंडावर घेतले, एकमेकांपासून ८ मिमीवर. बॉसचं तोंड जाड असल्यामुळे तिथे जरा बसकं होतं, दोन नोडांमध्ये ०.०२ मिमीचा फरक. आठ मिमीच्या पायावर ०.०२ म्हणजे २२० मिमीच्या टोकाला ०.५५. झाकण खरं वाकलेलं नव्हतं, नुसतं कललेलं होतं, आणि चित्रात टोक अर्धा मिमी वर दिसत होतं. तिपाईचे पाय एकमेकांच्या जवळ आणत गेलं की ती कशी कलते, तसंच. तेव्हापासून तीन नोड एकमेकांपासून जितके लांब मिळतील तितके लांब घेते, आणि तिन्ही एकाच जाड बॉसवर, किंवा रिबच्या मुळाशी किंवा गेटजवळ घेत नाही. गेटजवळच्या नोडवर तर अजिबात नाही, तिथे पॅकिंगमुळे (दाबाने ठासलेल्या जादा प्लास्टिकमुळे) सगळंच वेडंवाकडं असतं.

या टप्प्यावर एक तपासणी हाताला लागली जी आता कधीच सोडत नाही. तीन नोडांवरचे रिॲक्शन फोर्स छापून बघायचे. भागाच्या आतले ताण आपसात जुळलेले असतात, कुठे ओढ तर कुठे दाब, बेरीज शून्य. बाहेरून काहीच लोड नसेल आणि टेकू बरोबर सहाच असतील, तर टेकूंवर काहीच यायला नको. माझ्या दुरुस्त मॉडेलमध्ये आकडे दशांश चिन्हानंतर पाच-सहा शून्यांनंतर सुरू होत होते. आधीच्या मॉडेलमध्ये चार हजार. फाइल उघडायचा कंटाळा असेल तर डोळ्यांनीही कळतं: ताणाच्या चित्रात फिक्स केलेल्या नोडभोवती लाल ठिपका दिसला, तर तिथे आपण भागाला बांधलंय. नीट टेकवलेल्या नोडभोवती काहीच दिसत नाही, नोड कुठला हे आठवावं लागतं.

वेळ वाचवायला केलेला एक उद्योगही सांगून टाकते. पूर्ण मॉडेलला बराच वेळ लागत होता, आणि मला कन्स्ट्रेंट बदलून बदलून पाहायचे होते. झाकण दिसायला दोन्ही बाजूंनी सारखं, म्हणून मधोमध कापून अर्धं मॉडेल घेतलं आणि कापलेल्या तोंडावर सिमेट्रीची अट लावली. उत्तर झटपट आलं: गुळगुळीत घुमटी, ०.४ मिमी. माझ्या चुकलेल्या पहिल्या आकड्याशी जुळणारं! क्षणभर वाटलं, मीच बरोबर होते, मोजणारे चुकले. मग सरफेस प्लेटवरची ती टक् टक् आठवली. घुमटी डुगडुगत नाही. डुगडुगतो तो पीळ. आणि पीळ म्हणजे काय, तर एका अर्ध्यात वर गेलेला कोपरा दुसऱ्या अर्ध्यात खाली. सिमेट्रीची अट म्हणते दोन्ही अर्धी सारखीच वागणार. म्हणजे ती अट लावल्या लावल्या मी पिळाला दारच बंद केलं होतं. सिमेट्रीसुद्धा कन्स्ट्रेंटच आहे, फक्त तो धरून ठेवल्यासारखा दिसत नाही. आकार सारखा होता, गेट सारखं नव्हतं. बाजूला सरकवलेल्या गेटमुळे प्लास्टिक तिरकं पसरलं, फायबर तिरके बसले, आणि आक्रसण्याची कमी-जास्त दिशाही तिरकी झाली. अशा भागाला अर्ध्याचा हिशेब लावणं म्हणजे अर्ध्या चेहऱ्यावरून तिरळेपणा ओळखायला बसणं.

पूर्ण मॉडेल, ३-२-१, नोड तीन कोपऱ्यांच्या बॉसवर. चौथ्या बॉसचं उत्तर आलं: एकूण विस्थापन २.५ मिमी.

आता जास्त झालं की! पण हा गोंधळ लवकर सुटला. ए खिळलेला असल्यामुळे सगळं आक्रसणं समोरच्या टोकाला जाऊन साठतं. लांबीत ०.६, रुंदीत १.०८, आणि झेड दिशेला उरलेलं २.२. तिन्हीची वर्गमूळवाली बेरीज २.५. लांबी-रुंदीतलं आक्रसणं टूलरूमने (मोल्ड बनवणाऱ्यांनी) कॅव्हिटी, म्हणजे मोल्डमधली पोकळी, मोठी करून आधीच धरलेलं असतं, तो काही दोष नाही. रिपोर्टमध्ये "एकूण" या नावाचा रंगीत नकाशा टाकू नये, हे माझं ठाम मत तेव्हापासून झालं आहे. वाचणारा सगळ्यात लाल आकडा उचलतो आणि मीटिंगमध्ये तोच घोकतो. फक्त झेडचा नकाशा द्यावा. तर झेडमध्ये २.२, आणि क्वालिटीच्या लॅबमध्ये १.९. लार्ज डिफ्लेक्शन (वाकताना बदलणारा आकारही धरणारा हिशेब) लावून पुन्हा सोडवलं तेव्हा २.१ आलं. फायबर असलेल्या मटेरियलसाठी हे मला पुष्कळ जवळ वाटलं.

मी खूश होऊन दुरुस्त रिपोर्ट पाठवला आणि दुसऱ्या दिवशी तिघांची जुंपली. लॅब म्हणत होती १.९. लाइनवर तपासणी करणारा म्हणाला, मी फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून बघतो, ०.९ च्या वर जातच नाही. आणि आमच्या टीममधल्या एकाने माझीच फाइल उघडून बेस्ट फिटचा पर्याय निवडला आणि सांगितलं, कोपरे तर जेमतेम ०.५ वर-खाली आहेत, कशाला एवढा गाजावाजा?

तिघेही खरं बोलत होते. हे समजायला मला एका संध्याकाळी कागद-पेन्सिल घेऊन बसावं लागलं, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात आवडलेला भाग तोच. शुद्ध पिळाची कल्पना करा: चार कोपरे आळीपाळीने वर, खाली, वर, खाली, प्रत्येकी ०.५ मिमी. बेस्ट फिट हेच दाखवतं, कारण वाकलेला आकार मूळ आकारावर असा बसवायचा की फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी व्हावी, हे त्याचं काम. तो चूक सगळ्यांत वाटून टाकतो. आता हाच भाग सरफेस प्लेटवर ठेवा. खाली गेलेले दोन समोरासमोरचे कोपरे टेकतील, उरलेले दोन अधांतरी. भाग मधोमध तोलून धरला, तर दोन्हीखाली एक-एक मिमीची फट. लाइनवरचा माणूस असंच तोलून दोन्हीकडे गेज घालत होता. आणि आता अधांतरी असलेल्यांपैकी एक कोपरा दाबून टेकवा. तीन कोपरे टेकले, आणि चौथ्याखाली सगळी फट गोळा झाली: दोन मिमी. अर्ध्या मिमीच्या चौपट. लॅबच्या फिक्स्चरवर तीन टेकू होते, माझे तीन नोडही तिथेच. पीळ तोच, भाग तोच, आणि आकडे ०.५, १ आणि २.

कुठल्याही आकड्यात भागाचा आकार बदललेला नाही. टेकू सहाच आहेत तोवर आकार बदलूच शकत नाही, फक्त आपण कुठे उभं राहून बघतोय ते बदलतं. तीन नोड दुसरीकडे हलवले तर सगळा नकाशा तिरका होतो, रंग पालटतात, आणि नवख्याला वाटतं उत्तरच बदललं. सातवा टेकू आला की मात्र आकार खरोखर बदलतो. पहिल्या आठवड्यात मी या दोन गोष्टी एकच समजत होते.

यावरून ड्रॉइंगकडे परत गेलो. ड्रॉइंगवर डेटम (मोजमापाचे आधार) तीन बॉसवर दिलेले होते, आणि खाली सपाटपणाची अट वेगळी. सपाटपणा दोन समांतर पातळ्यांच्या मध्ये मोजतात, तिथे टेकूंचा संबंध नाही. त्या हिशेबाने भाग साधारण १ मिमीचा. डेटमपासून चौथ्या बॉसची उंची मोजली तर २. कुठली अट लागू हे ड्रॉइंग बनवणाऱ्याने ठरवायचं, सिम्युलेशनवालीने नाही. पण तीन नोड निवडायच्या आधी ड्रॉइंगवरचे डेटम आणि लॅबच्या फिक्स्चरचे टेकू बघून यायचे, एवढं तर सिम्युलेशनवालीच्या हातात होतं. मी फिक्स्चर पहिल्यांदा पाहिलं ते त्या टक् टक्‌च्या दिवशी.

लॅबच्या बाजूनेही एक गोष्ट निघाली. सुरुवातीला ते भाग हलू नये म्हणून चौथ्या कोपऱ्यावर हलका क्लॅम्प लावत आणि मग मोजत. म्हणजे तेही माझ्यासारखंच, सातवा टेकू लावून. क्लॅम्प काढल्यावरच १.९ दिसलं होतं. वजनाचाही विचार करावा लागतो. आमच्या झाकणाला कर्णरेषेतल्या रिब असल्यामुळे ते स्वतःच्या वजनाला दाद देत नव्हतं. पण रिब नसलेला पातळ सपाट भाग असेल, तर मिमी-दोन मिमीचा पीळ तो टेबलावर ठेवल्या ठेवल्या स्वतःच्या वजनाने गिळून टाकतो. मग लॅबला सपाट दिसतो, सिम्युलेशनला पिळलेला, आणि दोघं भांडत बसतात. अशा वेळी मॉडेलमध्ये गुरुत्वाकर्षण टाकून, खाली टेबलाचा कॉन्टॅक्ट देऊन बघावं लागतं.

मोल्डच्या आतल्या अवस्थेबद्दल थोडं. भाग मोल्डमध्ये असतो तोवर तो मोकळा नसतोच. कोअर (मोल्डचा आतला उंचवटा) आणि कॅव्हिटी त्याला आक्रसू देत नाहीत, ताण साठतो, त्यातला काही गरम असतानाच सैल पडतो, उरलेला इजेक्शननंतर (भाग मोल्डमधून ढकलून काढल्यावर) आकारात उतरतो. म्हणूनच मोल्डमध्ये जास्त वेळ ठेवलेला भाग सहसा कमी वाकतो. ही अवस्था मी स्वतः स्ट्रक्चरल सॉल्व्हरमध्ये मांडायचा प्रयत्न केला. सगळी बाहेरची पृष्ठं त्यांच्या लंब दिशेला फिक्स, मग दुसऱ्या स्टेपला सगळं सोडून ३-२-१. उत्तर विचित्र आलं, कारण खरा भाग कॅव्हिटीपासून सुटतो आणि कोअरला घट्ट बसतो, दोन्हीकडून धरलेला राहत नाही. शिवाय प्लास्टिकचा प्रवाह सोडवणाऱ्या फ्लो सॉफ्टवेअरने दिलेल्या ताणांत मोल्डमधल्या अडवणुकीचा हिशेब आधीच धरलेला होता, मी तो दुसऱ्यांदा धरत होते. दोन दिवस गेले. ते ताण आणि फायबरच्या दिशा जशाच्या तशा आणून थेट इजेक्शननंतरच्या स्टेपपासून सुरुवात केली ती बरी पडली.

आणि शेवटी ते चार स्क्रू, जे मी सगळ्यात आधी लावून बसले होते. ते खोटे नव्हते, त्यांची वेळ चुकली होती. आता ते दुसऱ्या स्टेपला आले. पहिल्या स्टेपमध्ये भाग मोकळा वाकू दिला. दुसरीत तीन बॉस टेकलेले ठेवून चौथा झेड दिशेला शून्यापर्यंत ओढला. फक्त झेड. एक्स, वाय मोकळे, कारण एम४ स्क्रूसाठी भोक ४.५ मिमीचं आहे, झाकण तेवढं सरकून घेतं. या वेळचा रिॲक्शन फोर्स शून्य यायला नकोच होता, तोच तर हवा होता. आला १४ न्यूटन, साधारण दीड किलोचं वजन. चार हजारांवरून चौदावर.

तो आकडा घेऊन मी असेंब्लीच्या लाइनवर गेले. स्क्रू लावणाऱ्या बाईंना विचारलं, हे झाकण बसवताना काही त्रास होतो का. त्यांनी झाकण उचललं, फिरवून गेटची खूण आपल्याकडे घेतली, तीन स्क्रू लावले आणि चौथ्याच्या आधी कोपऱ्यावर डावा अंगठा दाबून धरला. "मॅडम, इथे अंगठा दिल्याशिवाय स्क्रू धरत नाही. पहिल्या दिवसापासून असंच आहे."

लॅबमधून फोर्स गेज आणून त्यांच्या अंगठ्याच्या जागी लावला. पाच झाकणांवर ११ ते १६ न्यूटन.